पानिपतची बदली

भल्लासाहेबांनी फोनवर 'विश्वासजी' म्हटलं आणि विश्वासच्या हातातला कप बशीत किणकिणला.

एरवी भल्ला त्याला 'ओए' म्हणायचे. 'ओए, कहां मर गया', 'ओए, बॉल तेरा बाप उठाएगा क्या'. नोएडाच्या संघात आल्यापासून त्यानं स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि ते तसंच बरं होतं. बेसबॉलच्या धंद्यात त्याला एवढं नक्की कळलं होतं, की साहेब शिव्या देतोय तोवर आपली जागा शाबूत. नावापुढे 'जी' लागला की किटबॅग भरायला घ्यावी. फरीदाबादच्या मॅनेजरनं 'जी' लावून वर लस्सी पाजली होती. लुधियानात तर 'तू तो घर का आदमी है' म्हणत गळ्यात हात टाकला, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरच्या आदमीला घराबाहेर काढलं.

"विश्वासजी, बधाई हो," भल्ला म्हणत होते. "पानिपतवाले आपको मांग रहे हैं. चौधरी साहब गुरुवार को खुद आ रहे हैं. दो-चार बॉल डाल देना, फिर उनका डॉक्टर जरा कंधा-वंधा देख लेगा. फॉर्मॅलिटी है, यार."

फोन बंद झाला. खिडकीबाहेर दिल्लीच्या मयूर विहारवर धुकं असं बसलं होतं की समोरच्या सोसायटीचे मजले कुणी पुसून टाकल्यासारखे वाटत होते. विश्वासचा उजवा हात आपोआप मांडीवर येऊन पडला. थकलेलं जनावर दावणीला येऊन पडतं तसा.

विश्वास पिचर होता. बेसबॉलमध्ये बॅटवाल्याच्या दिशेनं चेंडू फेकतो तो पिचर. देशात हा खेळ खेळणारे मूठभर, बघणारे त्याहून कमी, आणि संघाला पैसे पुरवणारे म्हणजे टाइल्सवाले, पंपवाले, गाद्यावाले. अशा आठ गावांच्या आठ जर्सी विश्वासनं अंगात घातल्या होत्या. कुठे तो चमकला नाही आणि कुठे नाव घालवलं असंही नाही. एखाद्याचा हात मोडला की त्याच्या जागी बोलवावा, आणि मोडलेला जुळला की 'विश्वासजी' म्हणून निरोप द्यावा, अशी त्याची कारकीर्द.

तो मूळचा जळगावचा. लहानपणी आई त्याला न्हाऊ घालताना त्याच्या हातावर तांब्या ओतायची आणि म्हणायची,

हात माझ्या लेकाचा गं, जसा कोवळा डहाळा,
दगड मारितो चिंचेला, पडे अंगणी पाचोळा.

नेम तेव्हाही बेताचाच होता. पण हातात जोर होता. त्या जोरावर तो एवढ्या लांब आला आणि त्या जोराशीच गेल्या दिवाळीपासून त्याची फारकत झाली होती. उजवा खांदा वर जायचा नाही. केस तो डाव्या हातानं विंचरायचा. रोज सकाळी बाथरूमची कडी घालून, नळ मोठा सोडून बाम चोळायचा, आणि बाहेर आल्यावर दोनदा शिंकून दाखवायचा, म्हणजे वास सर्दीच्या खाती जावा. सामन्यात भल्ला त्याला शेवटी शेवटी उतरवायचे, तेव्हा तो चेंडू हळू टाकायचा आणि त्याला डावपेच म्हणायचा. डावपेचांवर चाललं होतं. आता डॉक्टर येणार होता. डॉक्टरपुढे डावपेच चालत नाहीत. पानिपतनं हात बघितला की पानिपत नको म्हणेल, नोएडानं सोडलेलंच असेल, आणि पुढचा 'जी' लावायला जगात कुणी उरणार नाही.

"कुणाचा फोन?" नीलानं डबा भरता भरता विचारलं. तिला ऑफिसची मेट्रो गाठायची होती.

"भल्लांचा." विश्वास म्हणाला. "बदली."

हा शब्द त्या घराचा होता. नीलाचे वडील अण्णासाहेब केंद्र सरकारात अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. हयात आस्थापना शाखेत गेली. कोण कुठे जाणार आणि कोण कुठून येणार हेच पाहण्यात. लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, "नोकरी कशी आहे?" आणि मध्यस्थ म्हणाला होता, "बदलीची आहे." अण्णासाहेबांनी मान डोलावली. बदलीची नोकरी म्हणजे खरी नोकरी. पुढे जावई एका गावाहून दुसऱ्या गावाला जात राहिला तसतसा त्यांचा आदर वाढत गेला. "सारख्या बदल्या होतात याचा अर्थ माणूस कुणाच्या दबावाला बळी पडत नाही," असं ते सोसायटीच्या बाकावर सांगत. नीलाला सगळं कळत होतं. पण 'काढून टाकलं' या शब्दापेक्षा 'बदली' हा शब्द ताटात वाढायला बरा, म्हणून तिनंही तोच चालू ठेवला होता.

"कुठे या वेळी?" अण्णासाहेबांनी पेपर खाली केला.

"पानिपत."

पेपर पूर्ण खाली आला. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते दर संक्रांतीला मंडळाच्या बसनं पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जाऊन हात जोडून येत. लढाईत पडलेल्यांची नावं त्यांना आप्तांच्या नावांसारखी पाठ होती.

"पानिपतला," ते हळू म्हणाले. "ऐन संक्रांतीत. आपल्या माणसाला."

"अण्णा, जवळच आहे," विश्वास म्हणाला. "सकाळी बसलं की दुपारच्या आत."

"जायला जवळच असतं, विश्वासराव. प्रश्न परत यायचा आहे." त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "ही बदली रद्द करून घ्यावी लागेल."

"ती रद्द होत नाही, अण्णा. आमच्यात तसं नसतं."

"प्रत्येक खात्याला असंच वाटतं. बदली रद्द व्हायला एकच कारण चालतं. बाकी सगळं फेटाळता येतं, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील, सगळं. मीच फेटाळायचो. पण मेडिकल ग्राउंड फेटाळायला साहेबाचा हात कापतो."

विश्वासनं कप बाजूला ठेवला. "मेडिकल म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला काहीतरी झालंय."

"मला काही झालेलं नाही." हे तो इतक्या घाईनं म्हणाला की नीलानं डब्यावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नाहीच झालेलं. तेच तर," अण्णासाहेब समजावू लागले. "ज्याला खरोखर झालंय तो कशाला अर्ज करेल? तो झोपून असतो. तुम्ही काळजी करू नका. बदलीच्या कामात कर्मचाऱ्यानं स्वतः तोंड उघडायचं नसतं, वाईट दिसतं. मी बघतो."

"अण्णा, प्लीज. तुम्ही काही बघू नका."

"बिल्कुल नाही बघत," अण्णासाहेब म्हणाले. सरकारी नोकरीत या वाक्याचा अर्थ काय होतो, हे विश्वासला ठाऊक असायला हवं होतं.

बुधवारी ऊन पडलं तेव्हा तो गच्चीवर गेला. चेंडू नेला असता तर आवाज झाला असता, म्हणून संत्र्यासारखं एक किनू नेलं. टाकीच्या भिंतीवर खडूची जुनी खूण होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पाय उचलला, देवाचं नाव घेतलं आणि हात फिरवला. खांद्यात काहीतरी कचकन हललं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि किनू अर्ध्या वाटेत शेजारच्या मिसेस खुरानांच्या वाळत घातलेल्या डाळीच्या वड्यांवर उतरलं.

"भैया, ये क्या कर रहे हो?" मिसेस खुराना जिन्यातून वर येत होत्या.

"हाथ से छूट गया, आंटी."

"इतनी दूर?"

त्याला क्षणभर बरं वाटलं. निदान कुणाला तरी ते अंतर लांब वाटलं होतं. वड्या गोळा करताना त्यानं मनाशी ठरवलं, उद्या डॉक्टर यायच्या आधी काहीतरी करायचं. पाय मुरगळल्याचं सांगावं. ताप आल्याचं सांगावं. खांदा सोडून देहाचा कुठलाही भाग पुढे करावा. रात्रभर तो डाव्या कुशीवर पडून छताकडे पाहत राहिला आणि नीला त्याच्याकडे पाठ करून, झोपलेल्या माणसापेक्षा जास्त स्थिर राहून, पडली होती.

गुरुवारी तो उठला तेव्हा अण्णासाहेब घरात नव्हते.

"तीळ आणायला गेलेत," नीला म्हणाली.

"तीळ कालच आले ना?"

"हे पॉलिशचे निघाले."

तिनं नजर दिली नाही. विश्वासनं हँगरकडे पाहिलं. अण्णासाहेबांचा बंद गळ्याचा काळा कोट जागेवर नव्हता. तो कोट त्यांनी निवृत्तीच्या समारंभानंतर दोनदाच घातला होता. तीळ आणायला तो कोट कुणी घालत नाही.

तो तसाच मेट्रो पकडून निघाला. यमुनेपलीकडचं, नदीच्या पूरपट्ट्यालगतचं मैदान धुक्यात अर्धं बुडालं होतं, आणि कडेला भल्लांचं पत्र्याचं ऑफिस. दार ढकललं तेव्हा त्याला सगळ्यात आधी दिसला तो काळा कोट. अण्णासाहेब खुर्चीत ताठ बसले होते, समोर चहा होता. भल्ला टेबलापलीकडे होते आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडालेला होता. तिसऱ्या खुर्चीत एक आडदांड, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते; मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं जाडजूड ब्लँकेट. पानिपतचे चौधरी ब्लँकेटांचे व्यापारी. नव्या खेळाडूला ते आधी ब्लँकेट देत, मग जर्सी.

"आओ विश्वासजी," भल्ला म्हणाले, आणि तो 'जी' उसासत बाहेर पडला. "आपके अंकलजी जोक बहुत अच्छा मारते हैं."

"जोक नहीं," अण्णासाहेब शांतपणे म्हणाले. आयुष्यभर दिल्लीत राहूनही त्यांची हिंदी फायलीतल्यासारखी होती. "मैंने दोनों अधिकारियों के समक्ष निवेदन किया है, कि इनका दाहिना कंधा काम का नहीं रहा. हाथ ऊपर जाता नहीं. ऐसी दशा में पानिपत भेजना अन्याय होगा."

विश्वासनं दाराची चौकट धरली. डाव्या हातानं.

चौधरींनी मिशीवरून हात फिरवला. "भल्लाजी, आपने तो कहा था, घोड़ा है घोड़ा."

"घोड़ा ही है, चौधरी साहब. बुजुर्ग आदमी हैं, दामाद को छोड़ना नहीं चाहते. विश्वास, बोल ना. तेरा कंधा ठीक है ना?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. पत्र्यावर दवाचे थेंब टपटपत होते. ठीक आहे म्हणावं, तर काळ्या कोटातला हा म्हातारा परक्या माणसांसमोर खोटा पडतो. नाही म्हणावं, तर आपण संपलो.

"थोडी सर्दी है," विश्वास म्हणाला.

"सर्दी कंधे में नहीं होती, बेटा," चौधरी उठले. "चल, एक बॉल डाल के दिखा. डॉक्टर की जरूरत ही नहीं."

मैदानावर पिचरनं उभं राहायचा मातीचा उंचवटा होता. विश्वास त्यावर चढला. समोर धुक्यात पकडणारा उकिडवा बसला होता, जेमतेम दिसत होता. आजवर किती उंचवटे चढलो आणि किती उतरलो, पण इतका उंच एकही नव्हता, असं त्याला वाटलं. अण्णासाहेब कडेकडेनं त्याच्याजवळ आले आणि तोंडावर मफलर धरून मराठीत कुजबुजले.

"विश्वासराव, जोर लावू नका. वाईट टाका. जमलं तर थोडं कण्हा. मी सांगितलंय तसंच दिसायला हवं."

"अण्णा, तुम्ही बाजूला व्हा."

"तोंड वाकडं करा, म्हणजे मी बाजूला होतो."

विश्वासनं डोळे मिटले. त्यानं ठरवलं, एकच चेंडू, पण असा की जळगावपासून साठवलेला सगळा जोर त्यात यावा. दुखेल तर दुखू दे, तुटेल तर तुटू दे. तोंड वाकडं करायचं नाही. त्यानं पाय उचलला, ओठांवर हसू आणलं आणि हात फिरवला.

चेंडू हातातून सुटला, थोडा वेळ काय करावं ते न कळल्यासारखा हवेत राहिला, अर्ध्या वाटेवर गवतात पडला आणि गडगडत एका झोपलेल्या कुत्र्यापाशी थांबला. कुत्र्यानं उठून तो हुंगला, तोंडात घेतला आणि सावकाश धुक्यात निघून गेलं.

"वा," अण्णासाहेब दबल्या आवाजात म्हणाले. त्यांनी टाळीसाठी हात जवळ आणले होते, ते कसेबसे आवरले. "उत्तम. हुबेहूब."

"एक और," चौधरी म्हणाले.

विश्वासनं दुसरा चेंडू घेतला. पुन्हा पाय उचलला, पुन्हा हसला. या वेळी हात खांद्याच्या वर गेलाच नाही. चेंडू त्याच्या पायाशीच पडला. पाचोळासुद्धा हलला नाही. तो चेंडूकडे पाहत तसाच हसत उभा राहिला, आणि त्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

अण्णासाहेबांचे हात खाली आले. नोकरीत त्यांनी आजारपणाची अनेक सोंगं पाहिली होती. टेबलापुढे बसून कण्हणारे, काठी टेकत येऊन परत जाताना जिन्यावरून पळणारे. सोंगाला एक खोड असते, ते दाखवत सुटतं. आणि कधीमधी एखादा येई, तो म्हणे, काही नाही साहेब, जरासं आहे, आणि हसे. तो खरा असे. त्या हसण्याला ते पुरते ओळखत होते. ते विश्वासकडे बघत राहिले, आणि त्यांचा मफलर गळ्यातून घसरून मातीत पडला तरी त्यांना कळलं नाही.

 चौधरींनी भल्लांकडे फक्त एकवार पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळ्या संघांच्या मालकांना संध्याकाळपर्यंत काय कळणार आहे ते लिहिलेलं होतं. मग उंचवट्याशी येऊन त्यांनी पिशवीतलं ब्लँकेट काढलं आणि विश्वासच्या खांद्यांवर टाकलं. "रख ले. कंधे को ठंड से बचाना," ते म्हणाले आणि गाडीत बसून पानिपतला गेले. एकटेच.

"मरवा दिया," भल्ला ओरडले. "ओए, अब मैं तेरा क्या करूं? अचार डालूं?"

'ओए' ऐकून विश्वासला उगीचच धीर आला. पण तो उत्तर देणार तेवढ्यात अण्णासाहेब मध्ये आले. त्यांनी मफलर उचलला, झटकला, आणि आवाज आस्थापना शाखेचा केला.

"भल्लाजी, जिस कर्मचारी की बदली चिकित्सा के आधार पर निरस्त होती है, उसे लाइट ड्यूटी दी जाती है. यह सर्वत्र नियम है."

"अंकलजी, ये बेसबॉल है. इसमें लाइट ड्यूटी क्या होती है?"

"वह आप सोचिए. आप अधिकारी हैं."

भल्लांनी कपाळाला हात लावला. मग तो हात तसाच राहिला. मैदानाच्या टोकाला त्यांचे बॅटवाले सराव करत होते. सरावाचे चेंडू फेकणारं मशीन पावसाळ्यात बंद पडलं होतं, आणि दुरुस्तीवाला अजून 'कल आता हूं' म्हणत होता. तोवर बॅटवाले एकमेकांना चेंडू टाकत, आणि त्यातले निम्मे पोटरीला लागत.

"नीचे से, कमर से, धीरे धीरे डाल सकता है?" भल्लांनी विचारलं. "बिल्कुल सीधा. मारने लायक."

विश्वासनं एक चेंडू उचलला. हात वर न नेता, कमरेतून टाकला. दुखलं नाही. चेंडू मंद, सरळ, आमंत्रण द्यायला निघाल्यासारखा गेला. भल्लांनी हाक मारून समोर उभ्या केलेल्या पोरानं बॅट फिरवली आणि ठण्ण आवाज धुक्यात दूरपर्यंत गेला.

"ओए," भल्ला म्हणाले, "कल सुबह से आ जाना. टाइम पे."

परतीच्या मेट्रोत गर्दी नव्हती. दोघं शेजारी शेजारी बसले होते; विश्वासच्या अंगावर ब्लँकेट, पायांशी किटबॅग.  अण्णासाहेब समोरच्या काचेतल्या त्याच्या प्रतिबिंबाशी बोलल्यासारखे म्हणाले,

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मग रजा का टाकली नाही?"

"आमच्यात रजा नसते, अण्णा. जागा जाते."

अण्णासाहेबांनी मान हलवली. आजवरच्या बदल्यांचा हिशेब ते मनात नव्यानं मांडत असावेत. लुधियाना आलं, फरीदाबाद आलं. प्रत्येक ठिकाणी ते थोडं थांबले असावेत. पण त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

"मी तर स्लिप डिस्कच सांगणार होतो," ते थोड्या वेळानं म्हणाले. "सगळ्यात खात्रीचं. एक्स-रेतसुद्धा कुणाला धड कळत नाही. काल रात्री नीला खोलीत आली. म्हणाली, अण्णा, स्लिप डिस्क नको. खांदा सांगा. उजवा."

विश्वासनं त्यांच्याकडे पाहिलं. बाथरूमची कडी, मोठा सोडलेला नळ, दोन शिंका, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. गाडी पुलावरून जात होती. खाली यमुना होती की नुसतं धुकं, ते दिसत नव्हतं.

मयूर विहार आलं. त्यानं वाकून डाव्या हातानं किटबॅग उचलली, तेव्हा मध्येच अण्णासाहेबांच्या हातानं पट्टा धरला. त्यांची ऑफिसची बॅगसुद्धा कायम शिपाई वाहत आला होता.

"दे इकडे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'तुम्ही' सोडलं होतं. "उद्या मंडळाची बस काला अंबला जातेय. येतोस? मुक्काम नाही. जाऊन परत."

"उद्या ड्यूटी आहे, अण्णा."

"हो की," अण्णासाहेब म्हणाले, आणि त्यांना ते उत्तर फार आवडलं असावं, कारण बॅगच्या वजनानं एका बाजूला कलूनही ते जिना ताठ मानेनं उतरले.

नीलानं दार उघडलं. आज ती ऑफिसला गेलीच नव्हती. तिनं आधी काळा कोट पाहिला, मग कोटावरची किटबॅग, मग ब्लँकेट. टेबलावर तिळाच्या वड्यांचं ताट होतं आणि त्याच्या शेजारी बामची नवी बाटली, झाकण काढून ठेवलेली.

"बस इथं," ती विश्वासला म्हणाली. "स्वेटर काढ. आणि उद्यापासून बाथरूमचा नळ मोठा सोडू नकोस. टाकी रिकामी होते."